पाटे वाढवलेली पिकअप आणि पसरणीचा उतार

पार्श्वभूमी

हे प्रकरण वाई तालुक्यातल्या एका सेंट्रिंग-स्लॅबच्या ठेकेदाराचं आहे. गावात त्यांना सगळे दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणतो. वडील गवंडी होते. दादांनी सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आणि काँक्रीटचा मिक्सर घेऊन धंदा वाढवला. वाई, भुईंज, मेढा आणि सगळ्यात जास्त पाचगणी, असा कामाचा पट्टा. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो आणि मे संपेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. पाऊस लागला की डोंगरावर स्लॅब टाकायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

दादांची पिकअप सतराशे किलो माल वाहणाऱ्या वर्गातली, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनची. आरसीवर रिकामं वजन १,७९० किलो आणि मालासकट एकूण वजन ३,४९० किलो. गाडी नवी घेतली आणि पहिल्या वर्षातच तिच्यावर कामं सुरू झाली. मागच्या दोन्ही कमानींत, म्हणजे ओझं पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, दोन-दोन जादा पाटे (पट्ट्या) टाकले. मागच्या क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या तुळईला) जाड पट्टी वेल्ड करून मिक्सर ओढायचा हुक बसवला. हौद्याचे फाळके उंच केले. पुढे लोखंडी गार्ड, टपावर एलईडीची पट्टी आणि प्रेशर हॉर्न हे पुतण्याच्या हौसेखातर. गार्डवर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारने कारवाईचे आदेश दिले होते, पण आपल्याकडे अजून दर चौथ्या गाडीला तो दिसतो. या प्रकरणात गार्ड, लाईट आणि हॉर्न यांचा काही हात नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

मिक्सर एका पोत्याचा, लिफ्टसकट. पूर्वी तो ट्रॅक्टरमागे जायचा. ट्रॅक्टर गावातून पाचगणीला पोचेपर्यंत अर्धा दिवस मोडायचा, ड्रायव्हरची वेगळी हजेरी पडायची आणि प्लेटांसाठी पिकअप न्यावी लागायचीच. पिकअपलाच मिक्सर जोडला तर एक गाडी, एक चालक आणि एक फेरी. या हिशेबात मला तरी वेडेपणा दिसत नाही. दीड-दोन वर्षं असंच चाललं आणि काही बिघडलं नाही. चढताना गाडी कुरकुरायची, दुसऱ्या गिअरमध्ये रडत जायची, पण जायची. तेव्हा गावात चर्चा व्हायची ती इंजिनची ताकद वाढवायची. एकाने कॉम्प्युटर लावून इंजिनचं सेटिंग बदलून देतो असंही सांगितलं होतं. उताराबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

घटना

फेब्रुवारीतला रविवार. पाचगणीत एका बंगल्याचा स्लॅब दुपारपर्यंत पडला. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या कामाचं सेंट्रिंग त्याच दिवशी खोललं होतं. मूळ बेत असा होता, की संध्याकाळी मिक्सर खाली न्यायचा आणि प्लेटांसाठी सोमवारी परत यायचं. पण सोमवारी सकाळी भुईंजला प्लेटा हव्या होत्या. दादांचा फोन आला, "एकाच खेपेत आण रे, उद्या परत वर कशाला जायचं?" चालक सव्वीस वर्षांचा, घाटाचा सराव असलेला. तो म्हणाला, "जड हुईल दादा." दादा म्हणाले, "हळू ये."

मला हा संवाद महत्त्वाचा वाटतो. चालकाला शंका आली होती आणि त्याने ती बोलून दाखवली. पण 'जड' म्हणजे किती, हे त्याच्याकडे नव्हतं आणि दादांकडेही नव्हतं. आकडा नसला की मालकाचं घाईचं कारण जिंकतं.

हौद्यात प्लेटा आणि जॅक, त्यांच्यावर सहा मजूर, मागे मिक्सर. गाडी पाचगणी सोडून पसरणी घाटाला लागली. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर, वाई सुमारे ७०० मीटरवर. बारा-एक किलोमीटरच्या रस्त्यात सहाशे मीटर खाली यायचं. रविवारची पर्यटकांची रांग होती, त्यामुळे वेग फार नव्हता. चालक चौथ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवत ठेवत उतरत होता.

निम्मा घाट उतरल्यावर मागून एकाने केबिनवर थाप मारली, जळका वास येतोय म्हणून. चालकाने मान हलवली आणि पुढे निघाला. त्याचं कारण त्याने नंतर सांगितलं ते खरं आहे: रविवारी पसरणीत वास येतोच. पुण्या-मुंबईच्या गाड्या सगळा घाट ब्रेकवर उतरतात, त्यामुळे वास नक्की कोणाचा हे कळत नाही. दोन वळणांनंतर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. पंप मारल्यावर परत वर आलं. पुढच्या वळणाआधी ते थेट खाली गेलं आणि पंप मारूनही आलं नाही.

इथून पुढे पोराने जे केलं ते उत्तम केलं. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली, इंजिन किंचाळलं तरी क्लच दाबला नाही, हँडब्रेक एकदम न ओढता थोडा थोडा ओढला आणि डोंगराच्या बाजूची गटार पाहून डावी चाकं तिच्यात घातली. गाडी थांबत आली तेवढ्यात मागच्या मिक्सरने ढकललं, गाडीचं ढुंगण फिरलं आणि मिक्सर रस्त्यावर आडवा झाला. एका मजुराचं मनगट मोडलं, बाकीच्यांना खरचटलं. समोरून त्या क्षणी कोणी येत नव्हतं.

चाकं खोलल्यावर

गाडी टोचन करून वाईतल्या एका गॅरेजात आणली. ते गॅरेज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गात तो माझ्याकडे होता. तोवर गावाचा निकाल लागला होता: पोराने ब्रेक जाळला. विद्यार्थ्याने चारही चाकं खोलली आणि मला बोलावलं, कारण जे दिसत होतं ते त्याला जुळेना.

पुढच्या दोन्ही डिस्क निळ्या पडल्या होत्या. पॅड काचेसारखे गुळगुळीत, एकाला आरपार चीर. ब्रेक ऑईल काळं, गाडी घेतल्यापासून बदललेलंच नव्हतं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. मग मागचे ड्रम काढले, तर लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) जवळजवळ नवे! गाडीचं रनिंग ४०,००० किलोमीटरच्या पुढे गेलेलं आणि लायनरवर झीज नावापुरती. मागच्या सर्व्हिसिंगला दुसऱ्या एका मिस्त्रीने हेच लायनर दाखवून दादांची पाठ थोपटली होती, की तुमची गाडी नीट चालवतात, लायनर बघा कसे आहेत.

इतक्या ओझ्याच्या गाडीचे मागचे लायनर झिजत नसतील, तर मागचे ब्रेक कामच करत नाहीत. सिलिंडर जाम नव्हते, पाईप चोंदलेला नव्हता. मग नजर गेली लोड सेन्सिंग व्हॉल्व्हकडे.

हा व्हॉल्व्ह मागच्या एक्सलच्या जरा पुढे चासीवर बसवलेला असतो आणि त्याच्यापासून एक दांडा एक्सलपर्यंत जातो. माल भरला की चासी खाली बसते, चासी आणि एक्सल यांच्यातलं अंतर कमी होतं, दांडा वळतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की चासी वर असते आणि दाब कापला जातो. हे मुद्दाम केलेलं आहे. रिकाम्या पिकअपचं ढुंगण हलकं असतं. मागच्या ब्रेकला पूर्ण दाब मिळाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं जागच्या जागी थांबतात आणि गाडी गरकन फिरते.

थोडक्यात, गाडीत माल किती आहे हे व्हॉल्व्हला फक्त कमान किती बसली यावरून कळतं. जादा पाटे टाकले आणि कमान बसायचीच बंद झाली. दोन टन ओझं असतानाही व्हॉल्व्हच्या लेखी गाडी जवळपास रिकामी होती. मागच्या ड्रमना जेमतेम दाब आणि सगळा घाट पुढच्या दोन डिस्कवर. पाटे टाकले तेव्हा दांड्याला कोणी हात लावला नव्हता. पाटे टाकणाऱ्या दुकानात त्याची गरजही कोणाला वाटली नव्हती, कारण गाडी भरल्यावर ताठ उभी राहिली की काम चोख झालं असं धरतात.

डिस्कची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑईलमध्ये गेली. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑईल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण पाणी शोषलेल्या ऑईलची मानकातली किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑईल उकळलं की पाईपमध्ये वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. जरा थांबून ऑईल निवलं की पेडल परत येतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाडी पाहणाऱ्याला 'ब्रेक तर आहेत की' असं वाटतं आणि दोष चालकावर जातो.

आणि ते सगळे वाचले कशामुळे? हँडब्रेकची केबल मागच्या ड्रमना असते. घाटभर काही काम न केल्यामुळे मागचे ड्रम थंड होते, म्हणून हँडब्रेकने पकड घेतली.

काट्यावरचा हिशेब

दुरुस्तीचं बोलण्याआधी मी दादांना एक काम सांगितलं: सगळ्याचं वजन करा. मिक्सर ट्रॅक्टरने काट्यावर नेला. त्या दिवशीचा माल दुसऱ्या टेम्पोने दोन खेपांत तोलला, एकदम भरून नाही. दादांचा अंदाज होता, "दोन-अडीच टन असंल सगळं मिळून, मिक्सर धरून."

गाडी, चालक आणि माल मिळून ३,८७० किलो. मजूर धरले साधारण ३५० किलो. मिक्सर लिफ्टसकट १,५६० किलो. नुसती मिक्सरची दांडी काट्यावर टेकवली तर १९० किलो, म्हणजे हुकावर तेवढं ओझं. एकूण ५,७८० किलो घाट उतरत होते. गाडीला परवानगी ३,४९० ची. चासीवरच्या प्लेटवर मागच्या एक्सलची मर्यादा २,१९० किलो होती आणि आमच्या हिशेबाने त्या दिवशी तिथे ३,२०० च्या आसपास भार होता. हुक एक्सलच्या बराच मागे असल्यामुळे तिथे टेकलेलं वजन पुढच्या चाकांना थोडं उचलतंही. म्हणजे पुढच्या ब्रेकवर सगळी भिस्त आणि पुढच्या टायरवरचा दाब मात्र कमी.

५,७८० किलो सहाशे मीटर खाली आणायचे म्हणजे साधारण शंभर लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता कुठेतरी जिरवायची. तिचा काही भाग टायर आणि हवेच्या रोधात जातो. उरलेला एक तर इंजिन खातं, नाही तर ब्रेक. चौथ्या गिअरमध्ये इंजिन फारसं खात नाही.

दादा बराच वेळ काट्याची पावती बघत बसले. मग म्हणाले, "आवो पण गाडी कधी बसली न्हाय खाली."

पर्याय

यावर चार-पाच दिशा निघाल्या आणि प्रत्येकीचा एकेक वकील होता.

गावातल्या वेल्डरचा सल्ला: हुक तुटायला आला होता, तो आणखी जाड पट्टीने बांधा, क्रॉस मेंबरला पट्टी मारा आणि पुढे चालवा. क्रॉस मेंबरला वेल्डिंगच्या कडेलाच चीर गेली होती. चासीच्या पत्र्याला वेल्डिंगचा ताप लागला की त्या रेषेच्या शेजारी तो कमजोर होतो आणि पुढची चीर तिथूनच निघते. पट्टी जाड केली तर चीर फक्त पट्टीच्या पलीकडे सरकते. हा पर्याय लगेच बाद केला.

विद्यार्थ्याचा पर्याय विचार करण्यासारखा होता: पाटे राहू द्या, व्हॉल्व्हचा दांडा नव्या उंचीला जुळवून घेऊ. तसं करता येतं. पण जादा पाट्यांमुळे रिकामी आणि भरलेली यांच्या उंचीतला फरकच थोडा राहतो. भरलेल्या गाडीला जुळवलं तर रिकाम्या गाडीलाही मागे जास्त दाब जाणार, आणि दादांची गाडी पावसाळ्यात महिनोन् महिने बहुतेक रिकामीच फिरते. पाचगणीच्या धुक्यात आणि शेवाळलेल्या रस्त्यावर ते नको. शिवाय दांडा जुळवल्याने एक्सल, हब बेअरिंग आणि टायर यांची मर्यादा तसूभरही वाढत नाही.

पुतण्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअप दाखवल्या. त्या गाड्या मागे घराएवढा ट्रेलर ओढतात, मग आपली एक मिक्सर का नाही ओढणार? प्रश्न बरोबर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं. फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० मधलं डिझेल इंजिन ६.७ लिटरचं असतं. त्याला एक्झॉस्ट ब्रेक असतो, म्हणजे उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. पण खरा फरक मागे असतो. तिकडच्या जड ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ते केबिनमधून चालतात. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. दादांचा मिक्सर तिकडे या मर्यादेच्या वर गेला असता. शिवाय ओढण्याचा आकडा तिथे कंपन्या एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे तपासून देतात, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर एसी चालू ठेवून ट्रेलर ओढून दाखवावा लागतो. दादांच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचा आकडाच दिलेला नव्हता. एक गोष्ट मात्र दादांची बरोबर निघाली. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असा तिकडचा दंडक आहे आणि आपल्या मिक्सरचा १२ टक्के होता. म्हणूनच तो दीड-दोन वर्षं मागे सरळ चालला, डुलला नाही.

मग पुतण्या टोयोटा हायलक्सवर आला. ही गाडी भारतात २०२२ पासून मिळते. किंमत तीस लाखांच्या घरात आणि प्लेटा वाहायला दुसरी गाडी लागणारच. दादा हसले आणि विषय संपला.

मोठी गाडी घ्यायची, मिक्सर वरच चढवायचा, हाही विचार झाला. एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. त्यामुळे चालकाचा प्रश्न नव्हता. पण लिफ्टवाला मिक्सर रोज चढवायला-उतरवायला रॅम्प नाहीतर क्रेन लागणार, आणि पाचगणीतल्या अरुंद गल्लीत ती गाडी वळणार नाही. हप्ते वेगळेच.

कागदाची बाजूही पाहिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसीवरची मूळ माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे लावलं. असा फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली दर फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जादा वजनाला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनाला २,०००. विमा एजंटने क्लेम टाकायच्या आधीच दोन प्रश्न विचारले: हौद्यात माणसं किती होती आणि मिक्सर आरसीवर आहे का. दादांनी क्लेम टाकला नाही.

काय केलं

जादा पाटे काढले, कमान मूळच्या मोजणीवर आणली, नवे बुश आणि यू-बोल्ट टाकले. व्हॉल्व्हच्या दांड्याची उंची कंपनीच्या मापाने लावली. क्रॉस मेंबर बदलला आणि तो बोल्टने बसवला. हुक काढून टाकला. याच्यावर दादा अडले होते. "असू द्या, लागला तर लागला." विद्यार्थी ठाम राहिला: हुक असला की कोणीतरी, कधीतरी, घाईत काहीतरी जोडणारच. डिस्क, पॅड आणि पुढचे होज पाईप नवे. ऑईल डॉट ४ आणि दर दोन वर्षांनी बदलायचं असं ठरलं. पुढच्या हबची बेअरिंगही बदलली, कारण उष्णतेने ग्रीस पातळ होऊन बाहेर आलं होतं. सगळा खर्च सत्तर हजारांच्या आसपास गेला. मनगट मोडलेल्या मजुराचा दवाखाना आणि बसून राहिलेल्या दिवसांची हजेरी दादांनी दिली, ती वेगळी.

मिक्सरचं काय करायचं याला एकच उत्तर निघालं नाही आणि काढायची गरजही नव्हती. वाई आणि भुईंजच्या सपाटीवर मिक्सर पुन्हा ट्रॅक्टरमागे. पाचगणीच्या कामाला तिथल्याच एका ठेकेदाराचा मिक्सर भाड्याने घ्यायचा आणि ते भाडं सुरुवातीलाच एस्टिमेटमध्ये दाखवायचं. छोट्या कामांसाठी हौद्यात मावेल असा अर्ध्या पोत्याचा मिक्सर घेतला. प्लेटा किती भरायच्या याचा आकडा ठरवून केबिनमध्ये लिहून चिकटवला. जॅक वेगळ्या खेपेला. मजूर वडापच्या जीपने.

चालकाला घाट उतरायचं परत शिकवावं लागलं नाही, फक्त एक गैरसमज काढावा लागला. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं म्हणजे डिझेल जळतं असं त्याला वाटायचं, आणि दादांचा डिझेलवर डोळा असायचा. कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडून उतरलं की डिझेल जवळपास बंद होतं. उलट न्यूट्रलला उतरताना इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम त्याला माहीत होता. तो पिकअपलाही लागू आहे असं वाटलं नव्हतं.

पुढचा हंगाम

फेऱ्या वाढल्या, डिझेल वाढलं, पाचगणीच्या कामातला नफा थोडा घटला. एका पार्टीने मिक्सरच्या भाड्यावरून घासाघीस केली आणि काम दुसऱ्याला गेलं. दुसरीकडे क्लच प्लेट, जी आधी दर हंगामाला बदलावी लागायची, ती टिकली. टायरची झीज सारखी झाली. हंगामाच्या शेवटी ड्रम खोलले तर मागचे लायनर रीतसर झिजलेले होते. विद्यार्थ्याने त्याचा फोटो मला पाठवला.

एक गोष्ट मला अजून पटत नाही. ट्रॅक्टरमागे जाणाऱ्या मिक्सरला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीला धडकून माणसं जातात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दादा म्हणतात, दिवसाउजेडीच नेतो. स्लॅब लांबला की उजेड थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. रिफ्लेक्टरची पट्टी शंभर-दोनशे रुपयांत येते.

वेगळं काय करता आलं असतं

लोक विचारतात तेव्हा बहुधा त्या रविवारच्या फोनपासून सुरुवात करतात. मी पाटे टाकले त्या दिवसापासून करतो. त्या दिवशी कोणीतरी दांड्याकडे पाहिलं असतं तर निदान धोका दिसला असता. त्याहून आधी एकदा काट्यावर गाडी चढवली असती तर पाटे टाकायचा विचारच मोडला असता. तालुक्यात काट्यांची कमी नाही आणि पावती फुटकळ पैशांत मिळते.

फोनवर दादांकडे आकडा असता तर प्लेटा सोमवारीच उतरल्या असत्या. भुईंजचं काम अर्धा दिवस लांबलं असतं, एवढंच.

केबिनवर थाप पडली तेव्हा थांबता आलं असतं का? पसरणीत भरलेली गाडी आणि मिक्सर घेऊन रविवारी बाजूला घ्यायला जागा सापडणं सोपं नाही, पण रुंद वळणं आहेत. अर्धा तास थांबला असता तर ऑईल निवलं असतं आणि उरलेला घाट दुसऱ्यात उतरता आला असता. पेडल पहिल्यांदा खोल जाऊन परत आलं, ती शेवटची संधी होती. पंप मारल्यावर पेडल आलं की माणसाला हायसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच थांबायला हवं असतं. गरम डिस्कवर पाणी मात्र ओतायचं नाही, तडा जातो.

पासिंगमध्ये हे का सापडलं नाही, असं दादांनी विचारलं. नव्या व्यावसायिक गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी होतं. तिथे गाडी रिकामी, धुतलेली नेतात. रिकाम्या गाडीचे ब्रेक चांगलेच होते.

सर्व्हिसिंगच्या त्या मिस्त्रीला मी सर्वांत जास्त दोष देईन. चाळीस हजारांना कोरे लायनर ही शाबासकी देण्याची गोष्ट नव्हती. पुढचे पॅड लवकर संपतात आणि मागचे लायनर संपतच नाहीत, एवढं जुळवलं असतं तरी पुरे होतं.

गॅरेजात आता कोणी पाटे वाढवायचं विचारायला आलं की विद्यार्थी त्याला गाडीखाली वाकायला लावतो आणि दांडा दाखवतो. काही जण ऐकतात. बाकीचे मान डोलावतात आणि दुसऱ्या पाटेवाल्याकडे जातात.